आत शिरल्याची ओळ

बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या त्या कारखान्यात तीनशे माणसं होती आणि त्यांतली दोनशे नव्याण्णव बिनडोक आहेत, असं लॉगबाईचं प्रामाणिक मत होतं. उरलेलं एक माणूस कोण, हे सांगायची गरज तिला कधी वाटली नाही.

लॉगबाई हे नाव डिस्पॅचवाल्यांनी ठेवलेलं. बावीस वर्षांपूर्वी ती टायपिस्ट म्हणून आली होती. मग संगणक आले, संगणकांना एकमेकांशी आणि बाहेरच्या जगाशी जोडणारी राउटरची पेटी आली, आणि ती पेटी बसवणारा इंजिनिअर तिच्यासोबतचं जाडजूड पुस्तक विसरून गेला. बाईने ते पुस्तक दोन महिन्यांत वाचून काढलं. तेव्हापासून पेटी तिची. पेटी स्वतःची रोजनिशी लिहीत असते, तिला लॉग म्हणतात. कोणी आत यायचा प्रयत्न केला, कोणाचा पासवर्ड चुकला, कोण आत शिरलं, काय बदललं, प्रत्येक गोष्टीची एक ओळ, पुढे तारीख आणि वेळ. बाई रोज सकाळी चहाबरोबर ती रोजनिशी वाचायची. माणसांपेक्षा तिला या ओळी बऱ्या वाटत. त्या थोडक्यात बोलत आणि खोटं बोलत नसत, असं तिला वाटे.

घरी ती आणि तिची आई. नवरा दुसऱ्या गावी नोकरीला, महिन्यातून दोनदा यायचा. बाईच्या मते तेवढा पुरे होता.

त्या आठवड्याची सुरुवातच वाईट झाली. रविवारी विजेच्या कामासाठी अख्खा कारखाना बंद ठेवला होता. सोमवारी बाई आत आली तर पॅसेजमधल्या मोठ्या घड्याळात नऊ वाजून सतरा मिनिटं झालेली. तिने बसच्या ड्रायव्हरला मनातल्या मनात बडतर्फ करून टाकलं. म्हातारा स्टेअरिंगवर झोपतो, दुसरं काय. पेटी सुरू केली तर पेटीलाही वेळेचं भान नव्हतं. वीज गेली की ती जुन्या मॉडेलची पेटी घड्याळ विसरायची आणि कुठल्याशा जुन्या वर्षाच्या एक जानेवारीला जागी व्हायची. बाहेरून वेळ आणणारा रस्ता मुख्य कार्यालयाने सुरक्षेच्या नावाखाली बुजवून टाकलेला. मुख्य कार्यालयाबद्दल बाईचं मत लिहून ठेवण्यासारखं नाही. तिने दारातून मान बाहेर काढली, पॅसेजमधल्या घड्याळात पाहिलं आणि पेटीत वेळ टाकली. कारखान्यातले सगळे संगणक पेटीकडूनच वेळ घेत, त्यामुळे पाच मिनिटांत भिंत आणि पडदे यांचं एकमत झालं. काम फत्ते.

मोबाइल कोणालाच आत नेता येत नसे. झाकणं ज्यापासून बनतात त्या प्लॅस्टिकच्या पिठात कोणाचा फोन पडला तर काय, असं कारण होतं. सगळे फोन मुख्य दाराशी पहारेकऱ्याच्या कपाटात. बाईने तर मोबाइल कधी घेतलाच नव्हता, मनगटावर घड्याळही नाही; वेळ बघायला तिला पडदा पुरे होता. फक्त साहेबांचा फोन साहेबांच्या खिशात. साहेब बहुधा पिठात पडणार नव्हते.

गुरुवारी सकाळी, बाईच्या पडद्यावर पावणेअकराच्या सुमारास, नेटवर्क बसलं. बसलं म्हणजे साफ बसलं. डिस्पॅचला चिठ्ठ्या छापता येईनात, चिठ्ठीशिवाय माल हलेना, फाटकाशी अकरा ट्रक एकामागे एक उभे. बाईने दुपारी दोनपर्यंत पेटी पुन्हा उभी केली. कोणीतरी आत शिरून एक सेटिंग बदललं होतं आणि त्यामुळे पेटी स्वतःच्याच शेपटीमागे फिरत बसली होती.

साहेबांनी लगेच बाहेरून एक सल्लागार बोलावला. भर उन्हात टाय घालून आलेला हा माणूस बाईच्या खुर्चीत बसला, तिच्याच लॉगमध्ये एक शब्द टाकून शोध घेतला आणि अर्ध्या तासात गंभीर चेहरा करून म्हणाला, "साहेब, हल्ला आहे. पासवर्ड चुकल्याच्या चारशे बारा नोंदी आहेत. आतलाच माणूस असणार."

"तो डिस्पॅचचा कोपऱ्यातला संगणक आहे," बाई म्हणाली. "त्यात जुना पासवर्ड राहिलाय. दर पाच मिनिटांनी दार ठोठावतो आणि मार खाऊन परत जातो. तीन वर्षं चाललंय."

"मग तुम्ही बदलला का नाही?"

"डिस्पॅचवाले माझ्याकडे आले नाहीत."

टायवाल्याने वहीत काहीतरी लिहिलं. बाईने त्याला खुर्चीतून उठवलं.

"पासवर्ड चुकल्याच्या ओळी शोधायला कोणालाही येतं," ती म्हणाली. "ज्याचा चुकला तो बाहेरच राहिला ना? मग त्याला कशाला शोधता? जो आत शिरला त्याची ओळ शोधा."

आणि तिने ती शोधली. पासवर्ड बरोबर आल्याच्या ओळी एरवी दिवसातून दोन-तीनच असत, सगळ्या तिच्याच खोलीतल्या संगणकावरून. गुरुवारच्या ओळींत एक परकी होती. दहा चव्वेचाळीसला दोनदा पासवर्ड चुकला. दहा सेहेचाळीसला बरोबर आला. दहा एकोणपन्नासला सेटिंग बदललं. जागा : बैठकीच्या खोलीतलं भिंतीचं सॉकेट. नाव मात्र सगळ्यांचं एकच, ॲडमिन. प्रत्येकाला वेगळं नाव द्या, असं बाईने दोन वर्षांपूर्वी लेखी दिलं होतं. एका घराला किती किल्ल्या करणार बाई, असं म्हणून साहेबांनी तो कागद बाजूला ठेवला होता. पासवर्ड पेटीच्या पाठीवर चिकटपट्टीवर लिहिलेला होता, तोही साहेबांच्याच सोयीसाठी.

बैठकीच्या खोलीची किल्ली पहारेकऱ्याकडे असते. त्याच्या वहीत स्वच्छ लिहिलं होतं : साहेब आत दहा पाच, बाहेर दहा तेहेतीस. वायरमन मामा आत दहा छत्तीस, बाहेर दहा अठ्ठावन्न.

म्हणजे मामा.

मामा म्हणजे कारखान्याचा वायरमन. बाटल्यांची तोंडं बंद करणाऱ्या त्या कारखान्यात स्वतःचं तोंड बंद ठेवणारा तेवढा एकच माणूस. सव्वीस वर्षं नोकरी, निवृत्तीला चौदा महिने बाकी. बाईला त्याचा राग नव्हता. राग यायला समोरचा माणूस निदान आपल्या उंचीचा लागतो. तो तारा सुतळीने बांधायचा. कुठली तार कुठे जाते ते चिठ्ठीवर लिहायच्या ऐवजी गाठी मारायचा, दोन गाठी म्हणजे डिस्पॅच, तीन म्हणजे स्टोअर. तार तपासायला त्याला एक जुना लॅपटॉप दिलेला होता, तो मामा काखेत कोंबडी धरल्यासारखा धरून हिंडायचा.

साहेबांच्या खोलीत मामाला उभं केलं. बाईने छापलेला कागद टेबलावर ठेवला. त्या ओळीखाली तिने पट्टीने रेघ मारली होती आणि कोपऱ्यात सही केली होती.

"मी गेलो तेव्हा आधीच बंद होतं," मामा म्हणाला. "साहेबांनीच पाठवलं मला. तार बघ म्हणाले."

"माझ्या लॅपटॉपवरचा कॉल अडकत होता म्हणून पाठवलं," साहेब म्हणाले. "अडकणं वेगळं, बंद पडणं वेगळं."

"किती वाजता गेलात आत?" टायवाल्याने विचारलं.

मामाने मनगट वर करून पाहिलं, जणू सकाळची वेळ तिथे अजून शिल्लक असावी. "माझ्या घड्याळात दहा पस्तीस-छत्तीस."

"बरोबर. आणि दहा सेहेचाळीसला तुम्ही आतच होता."

"तेव्हा होतो. पण बंद त्याच्या आधी पडलेलं. ताई, तुमच्या त्या वेळेत काहीतरी..."

"मामा," बाई म्हणाली, "राउटर तुमच्या मनगटावरच्या घड्याळावर चालत नाही."

टायवाला हसला. साहेबही हसले. मामा हसला नाही. त्याने बाही खाली ओढून घड्याळ झाकलं. साहेबांनी जाहीर केलं की पोलिसांत जायचं नाही, इतक्या वर्षांचा माणूस आहे, कारखान्याला काळजी आहे. शुक्रवारी चार वाजता मामाने स्वखुशीने राजीनामा द्यावा. कागद तयार करून ठेवला जाईल, त्याने फक्त स्वखुशी आणावी.

बाई आपल्या खोलीत परतली. वाईट वाटलं का? थोडं. पण एखाद्या टायवाल्याला दिवसभरात जी ओळ सापडली नसती ती आपल्याला चार मिनिटांत सापडली, हे जास्त वाटलं. त्या संध्याकाळी सुटीचा भोंगाही उशिरा झाला, अठरा मिनिटं, आठवडाभर होत होता तसाच. पहारेकरी डुलक्या घेतो, हे तिने साहेबांच्या कानावर घालायचं ठरवून ठेवलं.

शुक्रवारी दुपारी एक वाजता तिने नेहमीप्रमाणे टेबलावरच्या फोनवरून घरी फोन लावला.

"आई, गोळी घेतलीस?"

"नाही."

"का नाही? एक वाजला."

"कुठे वाजलाय? सोमवारपासून बघतेय मी. रोज आधीच फोन करतेस आणि वर मलाच दटावतेस."

"तुझं घड्याळ मागे पडलंय. सेल बदल त्याचा."

"सेल परवाच बदललाय. आणि टीव्हीवरचेही मागे पडलेत का? एकच्या बातम्या लागल्या की मी गोळी घेते. त्या लागायच्यात अजून. इथे ती स्वयंपाकवाली बाईच बडबडतेय."

"आई, माझ्या समोर संगणक आहे. त्यात..."

"तुझ्या संगणकाला सांग, माझ्या बातम्या लागल्या की एक वाजतो. ठेवते मी, कुकर लावलाय."

तुच्छ लेखायची सवय लागली की माणूस फार सुखात असतो. जे पटत नाही ते सांगणाऱ्याच्या डोक्यात टाकून मोकळं व्हायचं. आई म्हातारी, बसवाला झोपाळू, पहारेकरी आळशी, मामा अडाणी. पण फोन ठेवल्यावर बाईच्या डोक्यात हे चौघे पहिल्यांदाच एका रांगेत उभे राहिले. चौघांची वेळ तिच्याशी जुळत नव्हती. आणि चौघांची एकमेकांशी मात्र जुळत होती.

ती उठली आणि मुख्य दाराशी गेली. पहारेकरी डबा खात होता. त्याचा फोन टेबलावर पडला होता.

"किती वाजले?"

पहारेकऱ्याने फोन तिच्याकडे वळवला. बारा सत्तेचाळीस. तिने मागे वळून पॅसेजमधल्या घड्याळात पाहिलं. एक वाजून पाच.

"हे पुढे आहे?" तिने विचारलं.

पहारेकऱ्याने तिच्याकडे बघितलं. एखाद्याने छतावर बोट ठेवून, हे वर आहे का, असं विचारावं तसं. "अठरा मिनिटं. रविवारी साहेबांनी मामांना शिडीवर चढवून पुढे करून घेतलं. सकाळी माणसं लवकर यावीत म्हणून. सगळ्यांना ठाऊक आहे, ताई. सोमवारी सगळे बोंबलत होते की."

"मग भोंगा?"

"भोंगा माझ्या फोनवर, वहीतल्या वेळाही. साहेबांचा हुकूम. यायचं भिंतीच्या घड्याळाने आणि जायचं माझ्या." त्याने घास गिळला. "तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

कोणी सांगितलं नव्हतं. जेवणाच्या सुटीत बाई एकटीच आपल्या खोलीत बसायची; बाकीच्यांच्या गप्पा ऐकवत नाहीत, असं म्हणायची.

खोलीत येऊन तिने दार लावलं आणि कागद पुढ्यात घेतला. प्रत्येक ओळीतून अठरा मिनिटं वजा केली. पासवर्ड चुकला दहा सव्वीस. आत शिरला दहा अठ्ठावीस. बदललं दहा एकतीस. त्या वेळी बैठकीच्या खोलीत एकच माणूस होता आणि तो दोन मिनिटांनी बाहेर येऊन मामाला म्हणाला होता, जरा तार बघ.

साहेब. परवाच तर कौतुकाने सांगत होते, जावयाने फोनवर दाखवलंय, राउटरमध्ये जाऊन एक खूण केली की आपला कॉल सगळ्यांच्या आधी धावतो. बाईने तेव्हा फक्त हूं केलं होतं. साहेबांचा जावई हा विषय तिच्या लेखी हूंच्या पुढे जाण्यासारखा नव्हता.

साहेब हरामखोर आहेत की नुसते मठ्ठ, यावर तिने थोडा विचार केला. मठ्ठ असावेत. पडद्यावर "जतन केले" असं आलं म्हणजे आपण काही बिघडवलं नाही, असं वाटणारी जात असते. आणि नंतर खुद्द लॉगबाईने दहा सेहेचाळीस लिहून सही करून दिलं, म्हणजे ते सुटलेच. स्वतःच्या मनातूनसुद्धा.

पण त्या ओळीतली चूक साहेबांची नव्हती. लॉग वाचणाऱ्याने आधी कशाची खात्री करायची? ओळीपुढच्या वेळेची. पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात होतं ते. ती वेळ तिने दारातून मान काढून, भिंतीवर बघून टाकली होती. सल्लागाराने सोबत आणलेल्या लॅपटॉपवर खरी वेळ होती, पण तिकडे बघणं त्याच्या कामात बसत नव्हतं. बाईच्या कामात मात्र ते बसत होतं.

तिच्यापुढे तीन तास होते. काही न करणं फार सोपं होतं. पेटीची वेळ गुपचूप सरळ करायची, आधीच्या ओळी आहेत तशा राहतील, सोमवारपासून सगळं नीट. मामा जाईल. मामाच्या गाठींच्या जागी छापलेल्या चिठ्ठ्या येतील. बाई कागदाकडे बघत बसली. दया आली असं कोणी म्हटलं असतं तर तिने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. तिला दुसरंच काहीतरी सहन होईना. कागदावर एक चुकीची ओळ होती आणि तिच्याखाली तिची सही होती. असा कागद दुसऱ्या कोणाचा असता तर तिने त्याला जन्मभर ऐकवलं असतं.

चार वाजता ती साहेबांच्या खोलीत गेली तेव्हा मामा खुर्चीच्या कडेला बसला होता आणि पेनाचं टोपण काढत होता. टायवाला आपलं बिल घेऊन आलेला.

"थांबा," बाई म्हणाली. "माझा कागद चुकीचा आहे."

"म्हणजे?" साहेब म्हणाले.

"पेटीची वेळ अठरा मिनिटं पुढे आहे. मी सोमवारी पॅसेजमधलं घड्याळ बघून टाकली. चूक माझी. आत शिरला तो दहा सेहेचाळीसला नाही, दहा अठ्ठावीसला."

टायवाल्याने घाईघाईने स्वतःचा लॅपटॉप उघडला, मग खिडकीतून पॅसेजमध्ये पाहिलं, मग पुन्हा लॅपटॉपमध्ये. "असू शकतं," तो म्हणाला. बिल त्याने हळूच फायलीखाली सरकवलं.

"दहा अठ्ठावीसला कोण होतं तिथे?" साहेबांनी विचारलं आणि विचारता विचारताच त्यांचा आवाज उतरत गेला.

"पहारेकऱ्याच्या वहीत आहे."

कोणी वही मागवली नाही. साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून दुसरीकडे ठेवला. मग पुन्हा मूळ जागी ठेवला.

"मी फक्त ती खूण केली होती," ते म्हणाले. "जावई म्हणाला काही होत नाही."

"झालं," बाई म्हणाली.

"बाई, पण तुम्ही असं भिंतीवर बघून वेळ टाकता? एवढी महत्त्वाची पेटी? ही केवढी बेजबाबदारी." साहेबांना पाय टेकायला जागा सापडली होती. "एका निरपराध माणसावर आळ आला असता. तुम्हाला लेखी समज द्यावी लागेल."

"द्या. त्यात हेही लिहा की घड्याळ पुढे करायचा हुकूम कोणाचा होता."

"ते शिस्तीसाठी आहे. ते तसंच राहील," साहेब म्हणाले आणि राजीनाम्याचा कागद ओढून घेऊन खणात टाकला. फाडला नाही, खणात टाकला. मामाला ते माफ करा म्हणाले नाहीत. "जा मामा, कामाला लागा. गैरसमज झाला होता," एवढंच म्हणाले, पावसाबद्दल बोलावं तसं.

पॅसेजमध्ये बाईने मामाला गाठलं. काय बोलावं ते तिने ठरवलं नव्हतं. तिला तशी सवय नव्हती.

"मामा, ते घड्याळ तुम्हीच पुढे केलं होतं ना? मग काल बोलला का नाहीत?"

"बोलत होतो की."

"पुरतं कुठे बोललात?"

"तुम्ही पुरतं बोलू दिलं नाही." मामाने बाही वर केली. काच तडकलेली, पट्टा दोनदा शिवलेला. "ताई, दर रविवारी रेडिओवर लावतो मी हे. सव्वीस वर्षं. तुमच्या पेटीची वेळ मी भिंतीवर चढवलेली. मला वाटलं, एवढ्या शिकलेल्या बाई, तपासलंच असेल."

तो हे टोमणा मारायला म्हणाला नाही, तेच वाईट होतं. त्याने तिच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, कुठे तुटली ते समजल्यावर तारेत बघण्यासारखं काही उरत नाही, तिच्याकडे बघावं तसं, आणि काखेतला लॅपटॉप सावरून निघून गेला. ती नजर बाईच्या ओळखीची होती. बावीस वर्षं ती तिनेच वापरली होती, दिवसातून तीनशे वेळा. आज पहिल्यांदा ती समोरून आली.

खोलीत येऊन तिने पेटीची वेळ दुरुस्त केली, पहारेकऱ्याच्या फोनवरून मिनिट नि सेकंद लिहून आणून. पाठीवरची चिकटपट्टी नखाने खरवडून काढली. पासवर्ड बदलला आणि न विचारता प्रत्येकाला वेगळं नाव दिलं. साहेबांच्या नावाला फक्त बघायची मुभा ठेवली, हात लावायची नाही. मग डिस्पॅचमध्ये गेली आणि कोपऱ्यातल्या त्या संगणकासमोर बसून त्यातला जुना पासवर्ड काढून टाकला. तीन वर्षांचं काम दीड मिनिटाचं होतं. डिस्पॅचवाला बघतच राहिला.

"लॉगबा... ताई, आज इकडे कशा?"

"काम होतं," ती म्हणाली. आणि मग, जीभ अडखळत, "तुमचं आणखी काही अडलंय का?"

डिस्पॅचवाल्याने आधी दाराकडे पाहिलं, तिच्यामागून कोणी येतंय का म्हणून. मग चांगली नऊ गाऱ्हाणी सांगितली. त्यातली सहा बिनडोकपणाची होती. बाईने नऊच्या नऊ लिहून घेतली, प्रत्येकीपुढे वेळ टाकून.